लिलेहामर येथील एक हिंवाळा

साठी उलटली म्हणजे मनुष्यानें घरांतील एक कोपरा पाहून ठेवावा, अशी आपल्याकडे समजूत आहे. कोणी ती बोलून दाखवीत नाहीं. परंतु मुलगे आरामखुर्ची उन्हांत आणून ठेवतात, नातवंडें चपला पायांपुढें सरकवतात, जिना उतरतांना कोणी तरी हळूच दंडास धरतें, आणि अशा रीतीनें ती समजूत आपल्या अंगीं मुरत जाते. ह्यांत प्रेम असतें हें आम्ही नाकारीत नाहीं. आम्हीं स्वतःच आमच्या तीर्थरूपांस असेंच प्रेमानें खुर्चीत बसवून ठेविलें होतें. परंतु मागें एका हिंवाळ्यांत आम्हां उभयतांस नॉर्वे देशांतील लिलेहामर नांवाच्या डोंगरी गांवीं सुमारें अकरा आठवडे राहण्याचा योग आला, आणि तेथें जें पाहिलें त्यानें ह्या खुर्चीविषयीं आमच्या मनांत थोडी चलबिचल झाली. ती वाचकांपुढें मांडावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

चिरंजीव नोकरीनिमित्त सहकुटुंब तिकडे असतात. नात सहा वर्षांची आहे. जानेवारीच्या मध्यास आम्ही वाई सोडली तेव्हां कृष्णेच्या घाटावर पहांटेस एका शालीवर भागत होतें. ऑस्लोहून आगगाडीनें दोन-सव्वादोन तासांचा प्रवास, तोही बराचसा म्योसा सरोवराच्या कांठाकांठानें. हें त्या देशांतील सर्वांत मोठें सरोवर. लांबी १०० किलोमीटरांहून अधिक. त्याच्या उत्तर टोंकास, जेथें लोगेन नदी त्यास मिळते, तेथें उतरणीवर हें गांव वसलें आहे. वस्ती सुमारें २८,०००, म्हणजे आपल्याकडील एखादें तालुक्याचें ठिकाण. बाजाराचा मुख्य रस्ता एकच, स्तूरगाता नांवाचा. त्याच्या दुतर्फा जुनीं लांकडी घरें, आणि कोणत्याही गल्लींतून मान वर केली कीं डोंगर. अक्षांश ६१. डिसेंबरच्या उत्तरार्धांत तेथें दिवस जेमतेम साडेपांच तासांचा असतो. आम्ही पोंचलों तेव्हां तो थोडासा वाढला होता. तरी सकाळीं संध्येस बसावें तों सूर्याचा पत्ता नाहीं, आणि दुपारचा चहा होतो न होतो तों दिवेलागण. अर्घ्य नक्की कोणत्या घटकेस द्यावें, ह्याचा निर्णय आम्हांस पहिला महिनाभर झाला नाहीं.

पहिल्या सकाळीं पारा उणे १८ अंशांवर होता. आम्ही दोन कांबळीं पांघरून खिडकीशीं बसलों होतों, आणि हे अकरा आठवडे ह्याच खिडकींत काढावयाचे असा मनाशीं निश्चयही करून चुकलों होतों. इतक्यांत समोरच्या रस्त्यानें एक वृद्ध बाई आली. ऐंशीच्या पुढची असावी. तिच्या पुढ्यांत एक लांकडी खुर्ची होती. खुर्चीच्या पायांखालीं दोन लांब लोखंडी पट्ट्या, त्या मागें बऱ्याच निघालेल्या. बाईनें एक पाय पट्टीवर ठेवला होता, दुसऱ्या पायानें ती जमिनीस रेटा देत होती, आणि गोठलेल्या रस्त्यावरून तें वाहन सायकलीच्या वेगानें सरकत चाललें होतें. खुर्चीवर भाजीची पिशवी. ह्या वाहनास तेथें 'स्पार्क' म्हणतात. स्पार्क म्हणजे लाथ. ही बाई आपला बाजारहाट रोज स्वतः करते, असें सूनबाईंनीं सांगितलें. त्यावर आमच्या घरांतून एवढाच प्रश्न आला, "आणि आपण येथें कांबळ्यांत?"

त्या गांवच्या हिंवाळ्याचें सर्व सुख ज्यांवर उभें आहे त्या म्हणजे बर्फावर चालावयाच्या दोन फळ्या. आपण इंग्रजीच्या द्वारें त्यांस 'स्की' म्हणतों. तेथील लोक 'शी' म्हणतात. नातीनें पहिल्याच रात्रीं "आजोबा, उद्यां आपण शीवर जाऊं" असें जाहीर केलें, तेव्हां सौ. नीं दचकून सूनबाईंकडे पाहिलें. पुढें आठवडाभर घरांत ह्या एका अक्षरावर हंशा चालू होता. परंतु शब्द मोठा कुलीन आहे. जुन्या नॉर्स भाषेंत त्याचा अर्थ फोडलेल्या लांकडाची ढलपी असा होता, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचें मूळ आपल्या छिद् धातूच्याच कुळांत नेऊन पोंचवितात. आयुष्यभर मुलांकडून 'छिनत्ति, छिन्तः, छिन्दन्ति' घोकून घेतलें. तो धातु एके दिवशीं आपल्याच पायांस बांधला जाईल अशी कल्पना नव्हती.

चित्रपटांत दिसतें तें उंच कड्यावरून वेगानें खालीं येणें. त्यास वर नेणारा पाळणा लागतो, आणि जड जोडा टांचेसकट जखडलेला असतो. आम्ही म्हणतों तो प्रकार निराळा. ही चाल आहे. फळी चार-पांच सेंटिमीटर रुंद, पुरुषाच्या उंचीहून थोडी अधिक लांब आणि वजनानें हलकी. जोड्याचें पुढील टोंक तेवढें तिला अडकतें, टांच मोकळी राहते. दोन्ही हातांत काठ्या. चढावर, उतारावर, रानांतून, गोठलेल्या तळ्यांवरून मनुष्य आपल्या पायांनींच जातो. ह्यांतील खरी युक्ति फळीच्या कमानींत आहे. फळी जमिनीवर ठेवली तर तिचा मध्यभाग किंचित् उचललेला राहतो. दोन्ही पायांवर सारखा भार असतां तो मध्यभाग बर्फास नीट टेंकत नाहीं, म्हणून फळी पुढच्या-मागच्या टोंकांवर घसरते. एकाच पायावर सर्व भार देऊन खालीं दाबलें म्हणजे कमान सपाट होते, मध्यभाग बर्फास चिकटतो, आणि मागें न घसरतां पुढें रेटा देतां येतो. त्या मध्यभागास विशिष्ट मेण लावतात. बर्फाचे कण त्यांत क्षणभर रुततात आणि पाय उचलतांच सुटतात. थंडी जशी असेल तसें मेण. कडक थंडीस हिरवें, मध्यमीस निळें, पारा शून्याजवळ आला कीं तांबडें. आतां मेणाऐवजीं पोटाशीं लोकरीची पट्टी लाविलेल्या फळ्याही मिळतात व नवख्यांस त्याच देतात. परंतु जुनीं माणसें सकाळीं उठून आधीं अंगणांतील पारा पाहतात आणि मग कोणती डबी उघडावी ह्याचा खल करतात. आमच्याकडे वैद्यबुवा नाडी पाहून मात्रा ठरवीत, त्याची आठवण होई.

आम्हांस ही विद्या दिली ती शेजारच्या बाईंनीं. त्या आमच्याच व्यवसायांतल्या, निवृत्त शिक्षिका, वय ७४. त्यांचा पहिला धडा चालण्याचा नव्हता, पडण्याचा होता. तोल गेला तर हात पुढें न करतां एका कुशीवर बसकण मारावयाची. मग पाठीवर होऊन दोन्ही फळ्या आकाशाकडे करून सरळ करावयाच्या, उतारास आडव्या ठेवावयाच्या, आणि गुडघ्यावर येऊन उठावयाचें. हें त्यांनीं स्वतः पडून दाखविलें. आम्हीं पस्तीस वर्षें फळ्यासमोर उभें राहून काढलीं. लहान मुलांदेखत पडावें कसें, हें आमच्या अंगीं येईना. शेजारून चार-पांच वर्षांची पोरें चिमण्यांसारखीं भुर्रकन् निघून जात, आणि आम्ही काठ्यांवर भार देऊन विद्वानासारखे उभे! पहिल्या दिवशीं सात वेळां पडलों. सातही वेळां हातच पुढें केला, आणि मनगट चार दिवस सुजलें.

सौ. चा प्रश्न निराळा होता. बासष्टाव्या वर्षापर्यंत त्यांनीं लुगडें-पातळ ह्याखेरीज कांहीं अंगास लावलेलें नाहीं. सूनबाईंनीं लोकरीचे आंतले कपडे व वारा अडविणारी विजार आणून ठेविली, ती दोन दिवस तशीच घडींत राहिली. आम्हींही त्या कामीं मौन पाळलें. खरें सांगावयाचें तर त्यांनीं नकोच म्हणावें असें आम्हांस वाटत होतें. तिसऱ्या दिवशीं त्या विजार नेसून बाहेर आल्या. "माझी आजी काष्टा घालून शेताचे बांध तुडवीत असे," त्या म्हणाल्या, "हा शिवलेला काष्टा, एवढेंच." त्यानंतर त्यांनीं आम्हांस मागें टाकलें तें कायमचें. पडल्या तर स्वतःच हंसत, आणि हंसतां हंसतां उठत. पंधरा दिवसांत त्यांच्या पायांस ती लय सांपडली. एका पायावर सगळा भार देणें म्हणजे जात्यावर बसून एका हातानें खुंटा ओढण्यासारखेंच आहे, असें त्यांचें म्हणणें. शेजारीणबाईंनीं हें दोन वेळां समजावून घेतलें आणि आपल्या वहींत टिपून ठेविलें.

गांवांतील दिनक्रम असा कीं, अंधार पडला म्हणून कोणी घरांत बसत नाहीं. रानांतील वाटेवर विजेचे खांब उभे केलेले आहेत. कचेऱ्या सुटल्या कीं माणसें त्या उजेडांत तासभर जाऊन येतात, जसे आपल्याकडे देवदर्शनास जातात. यंत्रानें बर्फ दाबून त्यांत फळ्यांसाठीं दोन-दोन सरळ चाकोऱ्या पाडून ठेवतात. त्या चाकोरींतून पायीं चालणें हा तेथें मोठा असभ्यपणा गणला जातो, आणि आम्हांकडून तो पहिल्याच दिवशीं घडला. बालवाडींतील मुलें उणे अंशांतही दिवसाचे कित्येक तास बाहेर खेळतात. तान्हीं मुलें दुपारचीं बाबागाडींत गुंडाळून उघड्यावर निजवितात. वाईट हवा म्हणून नसतेच, वाईट कपडे तेवढे असतात, अशी त्या लोकांची म्हणच आहे. पडीक जमिनीवर आणि रानांत, ती कोणाच्याही मालकीची असो, फिरण्याचा हक्क सर्वांस आहे. ही जुनी चाल १९५७ सालीं तेथें कायद्यांत लिहिली गेली. आमच्या गांवीं टेकडीच्या पायथ्याशीं दर वर्षीं एक नवें कुंपण उभें राहतें, म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

खाण्याचे हाल होतील ही भीति खरी ठरली नाहीं. विशेषतः तेथील तपकिरी चीज. लिलेहामरच्या उत्तरेस पसरलेलें गुडब्रान्सडाल खोरें, तेथें १८६३ सालीं आना होव नांवाच्या एका गवळणीनें चीज केल्यावर उरणारें पाणी आटवितांना त्यांत साय घातली, आणि हा पदार्थ निघाला. त्याच्या पैशांवर खोऱ्यांतील अनेक शेतकरी कर्जांतून वर आले, असें सांगतात. चव साताऱ्याच्या कंदी पेढ्यास थोडी खारट केल्यासारखी. नात ती पोळीवर घालून खाते. प्रथम आम्हीं नाक मुरडलें, मग रोज मागूं लागलों.

एके संध्याकाळीं शेजारीणबाईंनीं विचारलें, आमच्या देशांतील कोणी तुम्हांस ठाऊक होतें काय? आम्हीं स्टेन कोनोव्ह ह्यांचें नांव घेतलें. १८६७ सालीं नॉर्वेंत जन्मलेल्या ह्या पंडितानें राजशेखराच्या कर्पूरमंजरीची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, ती १९०१ सालीं प्रसिद्ध झाली. आणि ग्रियर्सनसाहेबांच्या भारतीय भाषांच्या पाहणींतील मराठीचा खंड, जो १९०५ सालीं निघाला, तोही त्यांच्याच हातचा. वऱ्हाडापासून कोंकणापर्यंतच्या आमच्या बोलींचे नमुने एका बर्फांतल्या मनुष्यानें लावून ठेविले! बाईंनीं हें नांव ऐकलेंही नव्हतें. त्यांना ठाऊक होती ती १९९४ सालची गोष्ट. त्या वर्षीं १२ ते २७ फेब्रुवारीपर्यंत हिंवाळी ऑलिंपिक सामने ह्याच गांवीं झाले. चार जणांनीं प्रत्येकीं १० किलोमीटर जावयाची पुरुषांची शर्यत होती. सारें राष्ट्र लोटलें होतें. आणि शेवटच्या क्षणीं इटलीचा फाउनर नॉर्वेच्या देलीच्या पुढें ०.४ सेकंदानें सरकला. "एवढी माणसें एकदम गप्प झालेलीं मीं कधीं पाहिलीं नाहींत," असें बाई म्हणाल्या, आणि तीस वर्षांनंतरही त्यांचा स्वर घरांतील दुःख सांगावें तसा झाला.

आतां आमच्या मूर्खपणाची हकीकत. गांवापासून सुमारें वीस किलोमीटरांवर शुशोएन नांवाचें पठार आहे. तेथें झाडी विरळ होत जाते, मग मोकळें माळरान, आणि शेंकडों किलोमीटर आंखलेल्या वाटा. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारीं चिरंजीवांनीं आम्हां दोघांस तेथें सोडलें. ते स्वतः नातीसह खालच्या सोप्या वाटेनें गेले. पुढें साडेपांच किलोमीटरांवर एक विश्रांतिगृह होतें. तेथपर्यंत जाऊन परत येऊं, म्हणजे ११ किलोमीटर होतील, असें आम्हीं आदल्या रात्रीं नातीस छाती पुढें काढून सांगितलें होतें. निघतांना ऊन होतें. चार किलोमीटर झाल्यावर वारा सुटला. बर्फ वरून पडत नव्हता. जमिनीवरचाच भुगा उठून पायांभोंवतीं वाहूं लागला, आणि पाहतां पाहतां चाकोऱ्या बुजल्या. आकाश आणि जमीन एकाच रंगाचीं झालीं. वाटेच्या कडेनें रोंवलेल्या काठ्यांपैकीं पुढची एक दिसे, त्यापुढची दिसेना. सौ. थांबल्या. "मागें फिरूं," त्या म्हणाल्या. आम्हीं सांगितलें कीं आतां थोडकेंच राहिलें आहे, आणि चालूं लागलों. मागून आवाज आला, "अहो, मी फिरतें आहे. तुम्हांला यावयाचें तर या."

अडतीस वर्षांच्या संसारांत असें वाक्य आम्हीं ऐकलें नव्हतें. त्यांनीं हें रागानें म्हटलें नाहीं. म्हणून तर अधिक लागलें. आम्ही तसेच पुढें गेलों. किती गेलों, पन्नास पावलें कीं शंभर, सांगतां येत नाहीं. मग पुढची काठी दिसेनाशी झाली. मागें पाहिलें तों मागचीही नव्हती. चष्म्यावर बर्फाचा थर बसला होता. तो पुसण्यास हातमोजा काढला, आणि बोटांत पुन्हां जीव येईना. तेथें उभे असतां आमच्या मनांत प्रथम आला तो मरणाचा विचार नव्हता. नातीस काय सांगावें, हा होता. इतका मनुष्य पोकळ असतो! नंतर मात्र खरी भीति आली, आणि ती आमच्यासाठीं नव्हती. ती बाई एकटी मागें गेली आहे. तिला हा मुलूख ठाऊक नाहीं, ह्या देशाची भाषा येत नाहीं. आणि तिला एकटें सोडून आलों तें आम्ही.

आम्हीं फळ्या वळविल्या. आपल्याच काठ्यांनीं पाडलेलीं भोंकें अजून पुरतीं बुजलीं नव्हतीं. वांकून तीं पाहात पाहात मागें आलों. पहिली वाटेची काठी दिसली, आणि तिला धरून सौ. उभ्या होत्या. त्या गेल्याच नव्हत्या. आमची मोजे नसलेली बोटें त्यांनीं ओढून आपल्या कोटाच्या आंत काखेशीं धरलीं, बोटें दुखूं लागेपर्यंत. मग त्या पुढें आणि आम्ही मागें, असे परत आलों. वाटेंत एक शब्द झाला नाहीं. घरीं चिरंजीवांस त्यांनीं "वारा होता म्हणून लौकर आलों" एवढेंच सांगितलें. आजतागायत त्यापलीकडे कांहीं सांगितलेलें नाहीं. म्हणून येथें आम्हींच लिहीत आहों.

दुसऱ्या दिवशीं शेजारीणबाईंनीं आमचीं सुजलेलीं बोटें पाहिलीं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरील एक कागद दाखविला. डोंगरांत जाणाऱ्यांसाठीं तेथें नऊ नियम आहेत. प्रथम १९५२ सालीं रेडक्रॉसनें ते काढले. पुढें १९६७ च्या ईस्टरमध्यें डोंगरांत कित्येक माणसें दगावलीं, तेव्हांपासून ते घरोघर पोंचले. आठवा नियम असा कीं, वेळेवर मागें फिरावें. त्यांत लाज नाहीं. हे नियम तेथें शाळकरी मुलांसही ठाऊक असतात, असें बाईंनीं सांगितलें. आमच्या नातीस ते येत होते काय, हें आम्हीं विचारलें नाहीं.

मार्चच्या मध्यास गांवची मोठी शर्यत येते. तिचें मूळ १२०६ सालांतलें आहे. देशांत यादवी चालू होती. होकोन नांवाचा राजपुत्र बापाच्या मृत्यूनंतर जन्मला होता, आणि शत्रुपक्ष त्याच्या जिवावर होता. बापाच्या पक्षाचे सैनिक इतके दरिद्री कीं, पायांस बर्च झाडाची साल गुंडाळीत. म्हणून त्यांस बिर्केबाइनर, म्हणजे भूर्जपाद, असें नांव पडलें होतें. ऐन हिंवाळ्यांत त्या बालकास त्याची आई इंगा हिच्यासह घेऊन ते लिलेहामरहून निघाले. वादळ झालें, तेव्हां तोर्स्टाइन स्केव्हला व शेर्वाल्ड स्क्रुक्का हे दोन कसलेले शीवाले बाळास घेऊन डोंगरापलीकडील खोऱ्याकडे पुढें निघाले. तें बालक पुढें १२१७ सालीं राजा झालें आणि १२६३ पर्यंत राज्यावर होतें. ही कथा ऐकतांना यमुना ओलांडणारा वसुदेव कोणा मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें येणार नाहीं? गांवच्या मुद्रेवरही शीवर चाललेला बिर्केबाइनरच आहे. १९३२ पासून ह्या स्मरणार्थ रेना ते लिलेहामर अशी ५४ किलोमीटरांची शर्यत होते. (मूळचे दोघे लिलेहामरकडून गेले, शर्यत लिलेहामरकडे येते, हें उलट कां, ह्याचें समाधानकारक उत्तर आम्हांस कोणी दिलें नाहीं.) प्रत्येकाच्या पाठीवर साडेतीन किलोंचें ओझें सक्तीचें असतें. तें बाळाच्या जागीं.

आमच्या शेजारीणबाई ह्या शर्यतींत पुष्कळ वर्षें जात आल्या आहेत. त्या वर्षींही निघाल्या. ओझ्यांत साखरेच्या पुड्या भरल्या होत्या. आम्ही उभयतां नातीसह शेवटच्या मैदानावर दुपारपर्यंत उभे राहिलों. हजारों माणसें आलीं. कोणी विशींतलीं, कोणी पांढऱ्या दाढीचीं, भिवयांवर बर्फ साचलेलीं. बाई आल्या नाहींत. चार वाजतां आम्ही काळजीनें घरीं परतलों, तों त्यांच्या स्वयंपाकघरांत दिवा. मेण जमलें नव्हतें, गुडघा कुरकुरूं लागला, म्हणून शुशोएनास शर्यत सोडून त्या मोटारींतून परत आल्या होत्या, आणि साखरेची एक पुडी फोडून केक करीत होत्या. दुःखाचें चिन्हही नव्हतें. "पुढल्या वर्षीं निळ्यावर थोडें तांबडें," एवढेंच म्हणाल्या. सौ. नीं आमच्याकडे पाहिलें नाहीं. ही त्यांची कृपा.

ईस्टरच्या सुटींत गांव अर्धें रिकामें होतें. सगळीं माणसें वर डोंगरांत. थैलींत संत्रीं व चॉकोलेट घेऊन बर्फांत बसावयाचें, चेहरे उन्हाकडे करावयाचे, आणि रात्रीं खुनाच्या गोष्टी वाचावयाच्या, अशी त्या देशाची रूढि आहे. देव सुळीं गेल्याच्या दिवशीं रहस्यकथा कां, ह्याचा उलगडा आम्हांस झाला नाहीं. परतीच्या तीन दिवस आधीं सगळें घर शुशोएनास गेलें. हवा स्वच्छ होती. ती काठी आम्हीं ओळखली, सौ. नीं जातां जातां तिला काठीचें टोंक लाविलें आणि थांबल्या नाहींत. पुढें चढ होता, तेथें फळ्यांचीं टोंकें बाहेर करून बदकासारखें चढावें लागतें. विश्रांतिगृह त्या चढाच्या पलीकडे, त्या दिवशीं आम्ही जेथून फिरलों तेथून दीड किलोमीटरावर होतें. सौ. आधीं पोंचल्या, आम्ही दहा मिनिटांनीं. तोंवर त्यांनीं उन्हांतील बांकावर बसून गरम वाफल आणि तपकिरी चीज मागवून ठेविलें होतें, आणि आमच्या नांवचें संत्रें सोलून ठेविलें होतें. नात आमच्याही आधीं येऊन, खाऊन, कंटाळून बसली होती. "आजोबा, एवढा वेळ काय करत होतां?" तिनें विचारलें. आम्ही तिच्या शेजारीं बसलों आणि संत्रें खाऊं लागलों.